खुर्ची डोक्यात जाते म्हणजे काय होते?

सोसायटीचा सेक्रेटरी झालेला माणूस महिन्याभरात जिना चढतानाही वेगळा दिसू लागतो. कालपर्यंत पाण्याच्या टाकीवरून तावातावाने भांडणारा हाच गृहस्थ आता 'बघू, विचार करू' म्हणतो. खुर्ची डोक्यात गेली, असे म्हणून आपण मोकळे होतो. ती जाते कशी, हे मात्र मानसशास्त्रज्ञांनी तपासून पाहिले आहे.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड किप्निस यांचा १९७२ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग मला यात सर्वांत बोलका वाटतो. विद्यार्थ्यांना 'मॅनेजर' केले. काहींच्या हाती पगार वाढवणे, कापणे, कामावरून काढणे असे सगळे अधिकार. उरलेल्यांनी नुसत्या गोडीगुलाबीने काम करून घ्यायचे. गंमत अशी, की कामगार अस्तित्वातच नव्हते. दोन्ही गटांपुढे येणारे काम आधीच ठरवलेले, अगदी सारखे आणि चांगले होते. तरीही अधिकारवाल्यांनी ढवळाढवळ जास्त केली. शेवटी विचारले तेव्हा कामगारांच्या कामाला त्यांनी कमी लेखले. झालेले काम कामगारांच्या मनाने नव्हे, आपल्या वचकामुळे झाले, असा त्यांचा समज. त्यांच्यात मिसळण्याची इच्छाही कमीच. ग्यानबाची मेख इथेच आहे. ज्याच्या हाती छडी, त्याला समोरच्याची मेहनत दिसेनाशी होते. आणि चांगले ते सगळे छडीमुळेच होते म्हटल्यावर ती खाली ठेवायचीच कशाला?

अ‍ॅडम गॅलिन्स्की आणि सहकाऱ्यांचा २००६ सालचा प्रयोग तर घरीही करून बघता येईल. स्वतःच्या कपाळावर इंग्रजी 'ई' काढायचा. आपण कुणावर तरी अधिकार गाजवल्याचा प्रसंग ज्यांना आधी आठवायला लावला होता, त्यांच्यापैकी कितीतरी अधिक जणांनी तो समोरच्याला उलटा दिसेल असा काढला. अर्थात, अशा क्षणिक आठवणींवर बेतलेल्या सगळ्याच प्रयोगांचे निष्कर्ष पुन्हा तसेच आलेले नाहीत. तेव्हा साहेबांचे कपाळ बघून निकाल देऊ नये.

शिवाय सत्ता माणसाला नासवतेच, असेही नाही. ती त्याची भीड चेपते. पुढे तो काय करील, हे त्याला मुळात काय हवे होते यावर ठरते. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी पश्चिम बंगाल व राजस्थानातील ग्रामपंचायती अभ्यासल्या. राखीव जागांवरून जिथे बायका प्रमुख झाल्या, तिथे पिण्याच्या पाण्याच्या कामांवर जास्त पैसा गेला. पाणी भरण्याचे कष्ट कुणाच्या वाट्याला येतात, हे वेगळे सांगायला नको.

म्हणूनच 'चांगला माणूस निवडून द्या' एवढ्याने भागत नाही. चांगल्या माणसालाही हिशेब द्यावा लागेल, ही धास्ती हवी. महाराष्ट्राने माहिती अधिकाराचा कायदा २००२ साली, केंद्राच्या तीन वर्षे आधी केला. आता केंद्राचा कायदा लागू आहे: साधा अर्ज, दहा रुपये शुल्क, आणि ३० दिवसांत उत्तर देणे अधिकाऱ्यावर बंधनकारक.