आकड्यामागचा रस्ता : बाहेरून आलेल्या जुन्या मोटारीचा इतिहास कसा वाचावा

मांजरसुंबा हे रस्त्यांनी घडवलेले गाव आहे. बीड शहराच्या दक्षिणेला, बालाघाटाच्या डोंगररांगेत, धुळ्याहून सोलापूरकडे जाणारा महामार्ग (जुना क्रमांक 211, आताचा 52) आणि पाटोद्याहून केजकडे जाणारा रस्ता इथे एकमेकांना छेदतात. कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीला जाणारे भाविक, कारखान्याकडे निघालेले ऊसतोड कामगार, अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात पेशंट नेणारे नातेवाईक असे सगळे या चौकातून जातात. चौकात थोडा वेळ उभे राहिले तर नंबर पाट्यांवरूनच मराठवाड्याचा भूगोल वाचता येतो. एमएच 23 म्हणजे बीड, 44 अंबाजोगाई, 25 धाराशिव, 24 लातूर, 13 सोलापूर, 20 छत्रपती संभाजीनगर. या पाट्यांमध्ये अधूनमधून डीएल, एचआर, यूपी अशी अक्षरे दिसतात. ही 'बाहेरची गाडी'. हा लेख तिच्याविषयी आहे.

'आयात केलेली जुनी गाडी' म्हटले की परदेशातून जहाजाने आलेली मोटार डोळ्यांसमोर येते. बीड जिल्ह्यात तशी गाडी विरळाच. परराज्यातून आणलेली गाडी मात्र जवळपास प्रत्येक गावात सापडेल. दोन्हींच्या बाबतीत घेणाऱ्याची अडचण एकच असते. गाडीचे आयुष्य दूर कुठेतरी गेलेले असते आणि त्या आयुष्याचा साक्षीदार शेजारी नसतो. गावातली गाडी घेताना मालक, त्याचा ड्रायव्हर, त्याचा मेस्त्री सगळे ओळखीचे असतात. बाहेरच्या गाडीबाबत विकणाऱ्याचा शब्द आणि मीटरवरचा आकडा एवढेच हाती येते.

गाड्या दक्षिणेकडे का येतात?

एप्रिल 2015 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दिल्ली परिसरात दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्या चालवण्यास मनाई केली. पेट्रोल गाड्यांसाठी पंधरा वर्षांची मर्यादा होती. ऑक्टोबर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे निर्बंध लागू ठेवले. त्यांच्या अंमलबजावणीत पुढे बदल होत गेले, पण बाजाराने पहिल्या आदेशातच आपली दिशा ठरवली होती. तिथे ज्या डिझेल गाडीचे दिवस भरत आले, तिला महाराष्ट्रात अजून पाच वर्षांची मूळ नोंदणी शिल्लक असते. म्हणून तिथे किंमत पडते, इथे मागणी असते आणि मधल्या फरकावर व्यापार चालतो. या व्यापारात गैर काही नाही. अनेकांना चांगल्या गाड्या अशाच मिळाल्या आहेत. पण दोन बाजारांतला फरक जेवढा मोठा, तेवढाच आकडा फिरवण्याचा मोहही मोठा असतो.

घेणारा बहुधा मध्यम शेतकरी, मुकादम, शिक्षक किंवा छोटा दुकानदार असतो. गाडीत सोयाबीनचे पैसे, सोसायटीचे कर्ज, कधी बायकोचे दागिने गेलेले असतात. इंजिन सहा महिन्यांत कामाला आले, तर बुडालेली रक्कम वर्षभराच्या उत्पन्नाएवढी असू शकते. म्हणून हा विषय केवळ हौशी लोकांचा नाही.

मीटर म्हणजे काय?

अंतर मोजणारे यंत्र फार जुने आहे. रोमन स्थापत्यकार व्हिट्रुव्हिअस याने आपल्या ग्रंथाच्या दहाव्या भागात अशा रथाचे वर्णन केले आहे. चाकाचे चारशे फेरे झाले की दातेरी चक्रांच्या साखळीतून एक खडा भांड्यात पडे. मुक्कामी पोचल्यावर खडे मोजले की मैल कळत. मोटारीच्या जुन्या मीटरची कल्पना हीच होती. गिअरबॉक्समधून निघालेली केबल आकड्यांची चक्रे फिरवी आणि एक चक्र पूर्ण फिरले की शेजारचे एक घर पुढे सरके. हे मीटर मागे फिरवायचे तर ते उघडावे लागे. उघडल्याच्या खुणा राहत, आकडे एका ओळीत बसत नसत.

आजच्या गाडीत केबल नाही. चाकाच्या किंवा गिअरबॉक्सच्या सेन्सरकडून येणारे विद्युत ठोके मोजले जातात आणि एकूण आकडा मीटरमधल्या छोट्या स्मृती-चिपमध्ये साठतो. तो संगणकाने बदलता येतो आणि पडद्यावर बदलाची कसलीच खूण दिसत नाही. म्हणजे यंत्र आधुनिक झाले आणि फसवणूक सोपी झाली. मात्र याच आधुनिकतेने उलट तपासणीचीही सोय केली आहे. अनेक गाड्यांत किलोमीटरची किंवा इंजिन चाललेल्या तासांची नोंद मीटरखेरीज इतर कंट्रोल युनिटमध्येही राहते. मीटर बदलणारा प्रत्येक वेळी तिथवर पोचतोच असे नाही.

आकड्यांची आपसात साक्ष

मीटर एकटे कधीच पुरावा होत नाही. गाडीवर दुसरी पुष्कळ घड्याळे असतात. त्यांची वेळ एकमेकांशी जुळते का, हे पाहायचे.

पहिले घड्याळ टायरचे. टायरच्या बाजूवर चार आकडी ठसा असतो. '2319' याचा अर्थ 2019 सालचा तेविसावा आठवडा. समजा गाडी 2019 ची आहे आणि मीटर 28,000 किलोमीटर दाखवते. अशा गाडीवर मूळचेच टायर असायला हवेत. चारही टायर 2023 चे निघाले, तर अठ्ठावीस हजारांत टायर का बदलले, हा प्रश्न उभा राहतो. उत्तर प्रामाणिकही असू शकते. गाडी उभी राहून टायर कडक झाले असतील. पण प्रश्न विचारलाच पाहिजे. पाचवे, म्हणजे स्टेपनीचे टायर विसरू नये. बाकीचे चार बदलणारा पुष्कळदा त्याला हात लावत नाही.

दुसरे घड्याळ काचांचे. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात कंपनीचा ठसा आणि निर्मितीच्या काळाची खूण असते. एकच काच इतरांपेक्षा वेगळ्या कंपनीची किंवा बऱ्याच पुढच्या सालातली असेल, तर त्या बाजूला काही घडले होते. दगड लागला की गाडी ठोकली, हे शेजारचा पत्रा, दाराच्या फटी आणि बॉनेटखालचे बोल्ट सांगतात. कारखान्यात बसवलेल्या बोल्टवर रंग अखंड असतो. पाना लागला की त्याचे कोपरे सोलतात.

तिसरे घड्याळ माणसाच्या अंगाचे. क्लच आणि ब्रेकच्या पेडलचे रबर, स्टेअरिंगची कातडी, गिअरची मूठ, ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड हे सगळे वापराने झिजते. चाळीस हजारांच्या गाडीत पेडलची नक्षी पुसलेली नसते. उलट जुन्या गाडीत पेडलचे रबर कोरे करकरीत असेल, तर तेही संशयास्पद.

चौथे घड्याळ इंजिनच्या तासांचे. स्कॅनर लावून तास कळले, तर साधा भागाकार पुरतो. 60,000 किलोमीटर आणि 2,000 तास म्हणजे सरासरी वेग ताशी 30. गाव-शहर मिळून चालणाऱ्या गाडीला तो शोभतो. तेच 60,000 किलोमीटर आणि 5,000 तास असतील, तर सरासरी ताशी 12 येते. आयुष्यभर कोंडीत अडकलेली गाडीसुद्धा क्वचितच इतकी सावकाश चालते. मीटरवर 1,50,000 असते तर हिशोब जुळला असता. स्कॅनर आणखी एक गोष्ट सांगतो : बिघाडाचे कोड शेवटचे पुसल्यापासून गाडी किती चालली. विक्रीला आणलेल्या गाडीत हे अंतर वीस-पंचवीस किलोमीटर निघाले, तर कालच कोणीतरी काहीतरी पुसले आहे. काय पुसले ते कळत नाही. पण पुन्हा शे-दोनशे किलोमीटर गाडी चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत, एवढे कळते.

कागद काय सांगतात?

चासी नंबर सतरा अक्षरांचा असतो. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरे येत नाहीत, कारण ती एक आणि शून्य यांच्याशी गल्लत करतात. पहिली तीन अक्षरे निर्मात्याची : एमए3 म्हणजे मारुती सुझुकी, एमएटी म्हणजे टाटा, एमए1 म्हणजे महिंद्रा. जर्मनीत बनलेल्या गाडीचा नंबर डब्ल्यूने, जपानी गाडीचा जेने सुरू होतो. 'इम्पोर्टेड' म्हणून सांगितलेल्या गाडीचा नंबर एमएने सुरू झाला, तर ती भारतातच जोडलेली आहे. पत्र्यावर ठोकलेला नंबर, आरसी आणि वाहन पोर्टल या तिन्ही ठिकाणी एकच नंबर हवा. आजूबाजूचा पत्रा घासलेला किंवा वेल्डिंग केलेला दिसला, तर व्यवहार तिथेच थांबवावा.

वाहन पोर्टलवर नोंदणीची तारीख, कितवा मालक, विम्याची मुदत, बँकेचा बोजा आणि गाडीचा वर्ग दिसतो. आज पांढरी पाटी असली तरी गाडी पूर्वी पिवळ्या पाटीची, म्हणजे भाड्याची होती का, हे विचारावे. घरची गाडी वर्षाला साधारण दहा-बारा हजार किलोमीटर चालते. टॅक्सी त्याच्या कितीतरी पट. पाच वर्षे टॅक्सी राहिलेल्या गाडीचे मीटर 45,000 दाखवत असेल, तर दुसरा पुरावा शोधायची गरज नाही.

विम्याच्या कागदात नो क्लेम बोनस पाहावा. तो 20 टक्क्यांपासून सुरू होऊन सलग पाच दावारहित वर्षांनंतर 50 टक्क्यांवर जातो. हा बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो, त्यामुळे विकणाऱ्या मालकाची जुनी पॉलिसी मागावी. त्याने नव्याने घेतलेल्या गाडीवर कित्येक वर्षे राहून बोनस शून्य असेल, तर गेल्या वर्षी दावा झाला होता का, हे विचारावे. अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या नोंदींत प्रत्येक भेटीचे किलोमीटर असतात. त्या मालकाने आपल्यासमोर काढून द्याव्यात. 2021 साली 82,000 आणि 2024 साली 51,000 अशी नोंद निघाली, तर वादाचे कारण उरत नाही.

परराज्यातील गाडीला मूळ आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म 28 हवे. बोजा असल्यास तो उतरवल्याचा फॉर्म 35, हस्तांतरणाचे फॉर्म 29 आणि 30, नव्या नंबरसाठी फॉर्म 27. मोटार वाहन कायद्याच्या कलम 47 नुसार दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या गाडीला तिथला नंबर घ्यावा लागतो, आणि महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. 'दिल्लीच्याच नंबरवर चालवा, कोणी विचारत नाही' हा सल्ला देणारा पुढे भेटत नाही. फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केले की अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीत ज्याचे नाव आहे त्याची; मधल्या हातांनी गाडी कितीही वेळा विकलेली असो. म्हणून नाव लावणे घेणाऱ्याइतकेच विकणाऱ्याच्याही हिताचे आहे.

खरी परदेशी गाडी

परदेशातून वापरलेली मोटार आणायची वाट अरुंद आहे. निर्मितीपासून तीन वर्षांहून जुनी गाडी चालत नाही, स्टेअरिंग उजव्या हाताला हवे, आणि उतरायचे बंदर मुंबईच. शिवाय वेग किलोमीटरमध्ये दाखवणारे मीटर हवे. ही शेवटची अट आपल्या विषयाच्या मुळाशी जाते. मैलांच्या देशातून आलेल्या गाडीचे मीटर बदलले, तर जुना आकडा कुठे गेला? एक मैल म्हणजे 1.609 किलोमीटर. 20,000 मैलांची गाडी 32,000 किलोमीटरची असते. आकडा तोच ठेवून एकक बदलले, तर बारा हजार किलोमीटर हवेत विरतात. अशा गाडीचे कस्टमचे कागद आणि मूळ देशातील नोंदी पाहाव्यात. ब्रिटनमध्ये वार्षिक तपासणीच्या वेळी नोंदलेले मैल कोणालाही पाहता येतात. बेल्जियममध्ये 2006 पासून 'कार-पास' आहे. तिथले गॅरेजवाले प्रत्येक दुरुस्तीच्या वेळचा आकडा मध्यवर्ती नोंदीत कळवतात आणि तो दाखला दिल्याशिवाय जुनी गाडी विकता येत नाही. जर्मनीने 2005 मध्ये मीटर फिरवणे हाच स्वतंत्र गुन्हा ठरवला.

आपल्याकडे त्यासाठी फसवणुकीच्या सर्वसाधारण कलमाचा आधार घ्यावा लागतो; पूर्वी भारतीय दंड संहितेचे 420, आता भारतीय न्याय संहितेचे 318. डिसेंबर 2022 च्या नियमांनी जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना आरटीओकडे अधिकृत नोंदणी आणि ताब्यातील गाडीच्या फेऱ्यांची नोंदवही सक्तीची केली. पण विक्रेत्याच्या दारात येण्यापूर्वीचे किलोमीटर त्या वहीत येत नाहीत.

पाणी आणि घाट

सप्टेंबर 2025 मध्ये मराठवाड्याने पूर पाहिला. पुरात बुडालेल्या गाड्या पुसून, पॉलिश करून बाजारात येतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. वरचा भाग धुता येतो, आत गुंडाळलेल्या टोकाला गाळाची रेघ राहते. सीटखालच्या रुळांचा गंज आणि गालिच्याखालचा कुबट वास हीही साक्षच.

शेवटची परीक्षा चालवून. मांजरसुंब्याचा घाट त्यासाठी उत्तम. रात्रभर उभ्या असलेल्या गार गाडीवर सकाळी सुरुवात करावी. आधीच तापवून ठेवलेले इंजिन रोग लपवते. चढाला तापमानाचा काटा आणि मागचा धूर पाहावा : निळसर धूर ऑइल जळत असल्याचे सांगतो, न थांबणारा पांढरा धूर कुलंट जळत असल्याचे. उताराला ब्रेक दाबताना स्टेअरिंग थरथरते का, गाडी एका बाजूला ओढते का, हे बघावे. सोबत स्वतःचा मेस्त्री न्यावा आणि त्याची मजुरी आपण द्यावी, विकणाऱ्याने नव्हे.

यातली कुठलीही एक खूण निकाल देत नाही. नवे टायर, बदललेली काच, शून्य बोनस, प्रत्येकाला निर्दोष कारण असू शकते. पण तीन-चार घड्याळे एकच वेळ दाखवू लागली आणि मीटर वेगळी, तर मीटर खोटे समजावे. त्या वेळी भाव पाडून मागण्याचा मोह होतो. तो टाळलेला बरा. ज्याने आकडा बदलला, त्याने आणखी काय बदलले असेल, हे घासाघीस करून कळत नाही. विकणारा 'आजच ठरवा, दुसरे गिऱ्हाईक उभे आहे' म्हणाला, तर त्या गिऱ्हाइकाला पुढे जाऊ द्यावे आणि आपण पुढची गाडी पाहावी.