राजोडीत घर घेताना कोणता कागद काय सांगतो

रविवारी संध्याकाळी राजोडीच्या सुरूच्या झाडांखालून गाड्या परतीला लागतात, तेव्हा एखादी तरी टपरीपाशी थांबते. काच खाली होते आणि कोणीतरी विचारतं, "इथं छोटीशी जागा मिळेल का हो?" मिळते. विचारताक्षणी मिळते, आणि काळजी तिथूनच सुरू होते. एका अंगाला कळंब, दुसऱ्या अंगाला नवापूर, पुढे अर्नाळा आणि मागे केळीच्या वाड्या. वसई-विरारच्या या पट्ट्यात जागा दाखवणारा माणूस प्लॅस्टिकची फाइल घेऊनच येतो. फाइल जाड असते. घेणाऱ्याला वाटतं, इतके कागद आहेत म्हणजे सगळं रीतसर असणार.

पहिला आणि सगळ्यांत महाग पडणारा गैरसमज हाच आहे. सरकारी कागद सहसा एकाच प्रश्नाचं उत्तर देतो. घरपट्टीच्या पावतीवरून कर भरला एवढंच कळतं. वीजबिलावरून जोडणी कोणाच्या नावे आहे ते कळतं. बांधकामाला परवानगी होती का, हे दोन्हींपैकी एकही कागद सांगत नाही, मग अशी दहा वर्षांची बिलं फाइलीत असली तरी.

हे पटवायला लांबचं उदाहरण शोधावं लागत नाही. नालासोपारा पूर्वेच्या अग्रवाल नगरीत सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी आरक्षित असलेल्या जमिनीवर ४१ इमारती उभ्या राहिल्या होत्या. लोकांनी फ्लॅट विकत घेतले, पोरं त्याच पत्त्यावरून शाळेत गेली, वर्षानुवर्षं बिलं भरली गेली. २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयाने इमारती पाडायचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयातही दिलासा मिळाला नाही. त्या नोव्हेंबरात पाडकाम सुरू झालं, उरलेल्या इमारतींवर जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा यंत्रं आली, आणि दोन हजारांहून अधिक कुटुंबं रस्त्यावर आली. या माणसांना मूर्ख म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. कोणीही ठेवला असता तसाच त्यांनी विश्वास ठेवला. पण ज्या प्रश्नाचं उत्तर हवं होतं, त्याचा कागद त्यांच्या हातात नव्हता. २०२५ च्याच ऑगस्टमध्ये विरार पूर्वेला रमाबाई अपार्टमेंट कोसळलं आणि १७ जण गेले. ती इमारतही अनधिकृतच होती. परवानगीचा प्रश्न पैशांपुरता नाही. तुमच्या डोक्यावरच्या स्लॅबचा आराखडा कोणी तपासला होता का, हाही तोच प्रश्न आहे.

"पण महापालिका घरपट्टी घेते, म्हणजे तिला मान्य आहे ना?" नाही. महापालिका अधिनियमातलं कलम २६७-अ मुद्दाम वाचावं. बेकायदा बांधकामावर कर आणि वर दंडही वसूल करण्याची मुभा ते देतं, आणि अशी वसुली म्हणजे बांधकाम नियमित झालं असा अर्थ काढता येणार नाही, हेही तिथेच लिहिलेलं आहे.

"रजिस्ट्री झाली म्हणजे सरकारने तपासलं." हा गैरसमज शिकलेल्या माणसांतही घट्ट बसलेला आहे. दुय्यम निबंधक मुद्रांक शुल्क, ओळख, सह्या आणि सोबतचे ठरावीक कागद पाहतो. विकणारा खरा मालक आहे का याचा निवाडा करत नाही. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतल्या एका प्रकरणात हेच सांगितलं: विकणाऱ्याची मालकी तपासणं हे नोंदणी अधिकाऱ्याचं काम नाही. नोंदणी हवीच, तिच्याशिवाय हक्क मिळत नाही. पण विकणाऱ्याकडे जेवढा हक्क होता तेवढाच तुमच्याकडे येतो. त्याच्याकडे शून्य असेल तर नोंदणीकृत शून्य येतं.

रेराच्या क्रमांकाचंही तसंच. महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून महारेरा काम करतं आहे आणि घर घेणाऱ्याला त्याचा खरोखर आधार झाला आहे. पण कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींच्या प्रकरणात बनावट बांधकाम परवानग्या जोडून महारेराचे नोंदणी क्रमांक मिळवल्याचं उघड झालं. म्हणून क्रमांक पाहून थांबू नये. बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्राची, म्हणजे सीसीची प्रत घ्यावी, त्यावरचा जावक क्रमांक आणि तारीख टिपावी आणि वसई-विरार महापालिकेच्या नगररचना विभागात अर्ज देऊन ते प्रमाणपत्र खरंच तिथून निघालं आहे का, ते विचारावं. लेखी उत्तर मिळेपर्यंत टोकनचा एक रुपया देऊ नये. सीसीतले मजलेही मोजावेत; परवानगी चार मजल्यांची आणि तुम्हाला दाखवलेला फ्लॅट सहाव्यावर, असंही घडतं. तयार इमारतीत भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी मागावी. "ओसी येणारच आहे" या वाक्यावर लोक वीस-वीस वर्षं राहिले आहेत. बँक कर्ज देते म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांना एवढंच सांगायचं आहे की बँकेचा वकील बँकेचं कर्ज वाचवायला असतो. इमारत पडली तरी हप्ता थांबत नाही.

हे झालं फ्लॅटचं. राजोडीत मात्र गाडी थांबवून विचारणाऱ्याला बहुधा फ्लॅट नको असतो. त्याला वाडीतले दोन-चार गुंठे हवे असतात. तिथे फाइलीत सगळ्यांत वर सातबारा असतो.

सातबारा म्हणजे मालकी, हे समीकरण आपल्या बोलीत इतकं मुरलं आहे की "माझ्या नावावर सातबारा आहे" म्हटलं की वाद संपतो. कायद्यात तो तिथे संपत नाही. सातबारा ही महसुलाची नोंद आहे. जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे ती नोंद खोटी ठरेपर्यंत खरी धरतात, आणि केवळ फेरफाराने मालकी जन्मत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितलं आहे. म्हणून सातबारा टाकून द्यायचा नाही, नीट वाचायचा. लोक वरचं नाव बघतात आणि घडी घालतात. खरा मजकूर असतो 'इतर हक्क' या रकान्यात. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा तिथे असतो. बहिणींची नावं कित्येकदा तिथेच असतात. 'कुळकायदा कलम ४३ ला पात्र' असा शेरा दिसला तर ती जमीन कुळाला कायद्याने मिळालेली आहे; तिच्या विक्रीला अटी आहेत आणि सरकारजमा करायचा नजराणा आहे. 'भोगवटादार वर्ग २' असेल तर परवानगीशिवाय पुढे जाऊ नये. खातेदार आदिवासी असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम ३६-अ लागतं: ६ जुलै १९७४ पासून बिगरआदिवासीला ती जमीन शासनाच्या पूर्वमान्यतेने जिल्हाधिकाऱ्यांनी मंजुरी दिल्याखेरीज घेता येत नाही. पालघर जिल्ह्यात या कलमाकडे काणाडोळा करून केलेला व्यवहार म्हणजे गरिबाच्या जमिनीवर टाकलेला हात आहे, आणि तो कायद्यापुढे टिकत नाही.

जुने फेरफारही काढावेत. आज सातबाऱ्यावर एकच नाव दिसतं, कारण १९७० च्या आसपास कधीतरी आजोबा गेले आणि वारस म्हणून थोरल्याचंच नाव लागलं. बाकीची भावंडं कुठे गेली ते फेरफारातूनच कळतं.

आणखी एक घोळ नावातला. 'आठ अ'चा उतारा म्हणजे महसुलाकडचं खातं: एका खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनी. ग्रामपंचायतीचा 'नमुना आठ' म्हणजे घराच्या कर आकारणीची नोंदवही. गावठाणातलं जुनं घर विकताना पुष्कळदा हाच नमुना आठ पुढे करतात आणि घेणारा त्याला आठ अ समजून मान डोलावतो. त्यात घराची नोंद आहे. घराखालच्या जमिनीची मालकी त्याने सिद्ध होत नाही.

"शेतजमीन काय, पैसे टाकले की मिळते." शेतकरी नसलेल्याला कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे, काही अपवाद सोडता, जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती घेता येत नाही. त्यावर तोडगा म्हणून एजंट नोटरीचा करार आणि कुलमुखत्यारपत्र सुचवतो. ऑक्टोबर २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की कुलमुखत्यारपत्र, साठेकरार आणि मृत्युपत्र यांची मोळी बांधून मालकी देता येत नाही. त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखतच लागतं. चाळीतल्या खोल्या पाचशेच्या स्टॅम्पवर विकल्या जातात तिथेही हेच. नोटरीचा शिक्का सही कोणी केली ते सांगतो, त्यापलीकडे काही नाही.

समुद्राचं काय? "किनाऱ्यापासून पन्नास मीटर सोडले की बांधता येतं" हे वाक्य मी इतक्यांकडून ऐकलं आहे की ते कुठून निघालं हे शोधावंसं वाटलं. ते अर्धं खरं आहे. १८ जानेवारी २०१९ च्या सागरी किनारा नियमन अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्याचे दोन भाग केले आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त वस्ती असलेल्या भागात ना-विकास क्षेत्र ५० मीटरचं, विरळ वस्तीत ते २०० मीटरचं. अंतर मोजतात नकाशावर आखलेल्या भरतीरेषेपासून, आपण उभे असतो त्या वाळूपासून नव्हे. ५० मीटरनंतर मोकळं रानही नाही. समुद्राच्या बाजूने नियमन ५०० मीटरपर्यंत असतं, आणि खाडीच्या काठाने आत शिरलेल्या पाण्यालाही ते लागू होतं. स्थानिकांना त्यांच्या आहे त्या घराचा पाया न वाढवता होम-स्टे चालवायची मुभा आहे. तिचा आधार घेऊन बाहेरच्याला नवा बंगला बांधता येत नाही. तेव्हा मंजूर किनारा नकाशावर आपला सर्व्हे नंबर कुठे पडतो ते आधी पाहावं आणि नगररचना विभागातून झोन दाखला काढावा. जागा हरितपट्ट्यात असेल तर शेजारी कितीही बंगले दिसोत, तुम्हाला बांधकाम किती मिळेल हे तो दाखलाच सांगेल. शेजारचा बंगला अधिकृत आहे हे तुम्हाला कुठे माहीत आहे? या पट्ट्यातली हिरवाई राहावी म्हणून फादर फ्रान्सिस दिब्रिटोंसारख्यांनी उभं आयुष्य वेचलं. विहिरींचं गोडं पाणी त्या वाड्यांमुळे टिकून आहे. झोन दाखल्याकडे निव्वळ अडथळा म्हणून पाहू नये असं मला वाटतं.

विकणाऱ्यांचे गैरसमज वेगळे आहेत. आपल्या ख्रिस्ती कुटुंबांत अजून बोललं जातं की बहिणीचं लग्न झालं, तिचा वाटा संपला. मृत्युपत्र नसेल तर १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने विधवेला एक तृतीयांश आणि उरलेलं मुलगा-मुलगी सगळ्यांना सारखं मिळतं. हिंदू कुटुंबांत २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मतःच सहदायाद झाली, आणि २०२० मध्ये विनीता शर्मा निकालाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. बहिणीला वगळून केलेली विक्री घेणाऱ्याच्या गळ्यात अडकते. ती मनापासून हक्क सोडत असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावं. "ती काही म्हणणार नाही" ही समजूत कोर्टात चालत नाही. सोसायटीत नॉमिनी म्हणून नाव लावलं की घर त्याचं झालं, हीही तशीच चूक. नॉमिनी सोसायटीपुरता, मालकी वारसांची.

पैशांचंही पाहून ठेवावं. घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेतली तर तेवढाच दंड घेणाऱ्याला, म्हणजे विकणाऱ्याला होऊ शकतो. व्यवहार ५० लाख किंवा वर असेल तर खरेदीदाराने एक टक्का कर कापून भरायचा. आणि विकणारा भाऊ आखातात किंवा कॅनडात स्थायिक असेल, जसे इथल्या पुष्कळ घरांतले आहेत, तर हा एक टक्क्याचा नियम लागू नाही. कपात बरीच जास्त होते, आणि ती कमी करून घ्यायची तर विक्रीच्या आधी आयकर खात्याचा दाखला काढावा लागतो. ते माहीत नसल्यामुळे ऐन नोंदणीच्या दिवशी भावाभावांत वाजलेलं मी पाहिलं आहे.

सोसायटी हस्तांतरासाठी लाखभर मागत असेल तर देऊ नये. शासनाने २००१ पासून कमाल मर्यादा २५ हजार ठेवली आहे. घर फक्त बाईच्या नावे घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. नवऱ्याचं नाव जोडलं की ती जाते.

आणि बिल्डरकडून घेताना, "आधी वीस टक्के द्या, मग करार करू" हे रेराच्या कलम १३ ने बंद केलं आहे. करार नोंदवल्याखेरीज दहा टक्क्यांवर एक पैसाही मागता येत नाही. कोणी मागितलाच, तर त्याच्या कार्यालयातून उठून थेट नगररचना विभागात जावं आणि त्याच्या सीसीचा जावक क्रमांक विचारावा.