खुळखुळा : बागेतील फूल आणि धान्यातील विष

प्रस्तावना

या वनस्पतीची वाळलेली शेंग कानाजवळ धरून हलवा. आत सुट्या झालेल्या बिया वाजतात, म्हणून मराठीत तिला खुळखुळा म्हणतात. 'क्रोटलारिया' हे वंशनामही ग्रीक भाषेतील एका वाजणाऱ्या वाद्याच्या नावावरून आले आहे. हा आवाज म्हणजे शेंग पिकली असून बी पडण्याच्या बेतात आहे याची खूण होय. ती का ओळखायची, हे या पाठात आपण पाहू.

१. ओळख

खुळखुळा शेंगवर्गीय, म्हणजे फॅबेसी कुलातील आहे. बागेत प्रामुख्याने क्रोटलारिया रेटुसा आणि क्रोटलारिया स्पेक्टॅबिलिस या जाती दिसतात. उंची साधारण एक मीटर, पाने साधी व टोकाशी बोथट, फुले पिवळी व उभ्या तुऱ्यात. शेंग फुगीर आणि गुळगुळीत असते, पिकल्यावर काळपट होते. हिरवळीचे खत म्हणून पेरला जाणारा ताग याच वंशातला आहे; मात्र त्याची पाने लांबट व अरुंद असतात आणि शेंगांवर मखमलीसारखी लव असते. काही भागांत तागाच्या फुलांची भाजी करतात. तेवढ्यावरून खुळखुळ्याची फुले खाण्याजोगी समजू नका.

२. लागवड

कडक थंडी किंवा हिमतुषार नसलेल्या प्रदेशात ही वनस्पती सहज वाढते. बियांचे कवच टणक असते, म्हणून त्या रात्रभर कोमट पाण्यात भिजवून पावसाळ्याच्या सुरुवातीला थेट जमिनीत पेरा. जागा भरपूर उन्हाची आणि पाण्याचा निचरा होणारी हवी. मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात, त्यामुळे नत्रखताची गरज पडत नाही. पावसाळा सरताना फुले येऊ लागतात.

ब्लू टायगर, प्लेन टायगर अशा फुलपाखरांचे नर या झाडाच्या सुकलेल्या भागांवर जमतात. तेथील अल्कलॉइड ते शोषून घेतात आणि त्यापासून मादीला आकर्षित करणारा गंध तयार करतात. फुलपाखरू उद्यानात खुळखुळा लावतात तो यासाठीच. जे द्रव्य फुलपाखराला उपयोगी पडते, तेच माणसाला आणि जनावराला घातक ठरते.

३. विष कसे काम करते

या द्रव्यांना पायरोलिझिडिन अल्कलॉइड म्हणतात. मोनोक्रोटालिन हे त्यांपैकी एक असून बियांमध्ये त्याचे प्रमाण जास्त असते. मूळ रूपात ते फारसे घातक नसते. यकृतातील विकरे त्याचे रूपांतर अतिशय क्रियाशील पायरोल संयुगांत करतात. ही संयुगे पेशींतील प्रथिने आणि डीएनए यांना चिकटतात. यकृतातील सूक्ष्म शिरांचे अस्तर सुजते, शिरा बंद होतात, यकृत वाढते आणि पोटात पाणी साठते. थोडे थोडे विष अनेक दिवस पोटात गेले तर लक्षणे उशिरा दिसतात, त्यामुळे कारण चटकन लक्षात येत नाही.

४. सरगुजा : एक धडा

१९७५-७६ मध्ये तेव्हाच्या मध्य प्रदेशातील (आजच्या छत्तीसगडमधील) सरगुजा जिल्ह्यात काही आदिवासी गावांत पोटात पाणी होण्याची साथ आली. ६७ जण आजारी पडले आणि त्यांतील २८ दगावले. तपासात दिसून आले की लोकांच्या रोजच्या खाण्यातल्या गोंडली या बारीक तृणधान्यात क्रोटलारियाच्या बिया मिसळल्या होत्या. ते तण पिकाबरोबर वाढले, पिकाबरोबर कापले गेले आणि पिकाबरोबरच दळले गेले. कोणी विषारी झाड मुद्दाम खाल्ले नव्हते.

बागेशी याचा संबंध काय? तेथील झाडे बागेतून आलेली नव्हती, हे खरे. पण बी आपोआप पडून रुजणे हा गुण बागेतल्या खुळखुळ्यातही आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागात स्पेक्टॅबिलिस ही जात हिरवळीचे खत म्हणून मुद्दाम आणली गेली. पुढे ती पिकांत तण म्हणून पसरली आणि तिच्या बियांनी जनावरांना व कोंबड्यांना विषबाधा होऊ लागली.

५. लावायचाच असेल तर

• शेत, कुरण किंवा धान्याचे खळे जवळ असेल तर लावू नका.
• फुले ओसरली की हिरव्या शेंगांसह तुरे कापा. आवाज येईपर्यंत थांबू नका.
• पुढील हंगामासाठी बी हवे असेल तर एकाच तुऱ्यावर पातळ कापडी पिशवी बांधा. बी डबीत ठेवून त्यावर 'विषारी' असे लिहा.
• कापलेली झाडे गुरे किंवा शेळ्या पोहोचतील तेथे टाकू नका.
• वाळलेल्या शेंगा लहान मुलांना खेळायला देऊ नका.
• पुढच्या पावसात आपोआप उगवलेली रोपे फुलण्यापूर्वी उपटा. पडलेले बी पुढे काही वर्षे उगवत राहू शकते.
• बिया पोटात गेल्याची शंका आली तर लक्षणांची वाट न पाहता दवाखान्यात जा आणि झाडाची फांदी सोबत न्या.

सारांश

खुळखुळ्याला हात लावल्याने सहसा बाधा होत नाही. धोका आहे तो त्याचे बी अन्नात किंवा चाऱ्यात जाण्याचा. म्हणून फुलांचा आनंद जरूर घ्या, पण शेंग वाजण्याआधी कापा.

स्वाध्याय

१. मोनोक्रोटालिनचा परिणाम मुख्यतः यकृतावर का होतो?
२. ताग आणि खुळखुळा यांतील दोन फरक लिहा.
३. तुमच्या परिसरातील आपोआप रुजणारी एक शोभेची वनस्पती निवडा आणि तिचे बी कोठवर पोहोचते याची नोंद करा.