कर्नलमधील रिकर्शन आणि स्टॅकची मर्यादा

एखाद्या फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावणे यास संगणकशास्त्रात रिकर्शन म्हणतात. पांढुर्णा-सौंसरकडील संत्राबागांचा हिशेब तालुका, गाव, बाग अशा एकात एक फोल्डरांत ठेवला आहे असे समजू. तालुक्याचे फोल्डर वाचणारे फंक्शन गावासाठी स्वतःलाच बोलावते, व तेच पुढे बागेसाठी. मांडणी सुटसुटीत खरी. पण दर वेळी 'परत कोठे जायचे' याची नोंद व स्थानिक चलांच्या किमती स्टॅकवर ठेवाव्या लागतात. स्टॅक म्हणजे भाकऱ्यांची चळतच. शेवटी ठेवलेली प्रथम निघते.

लिनक्समध्ये सामान्य प्रोग्रामला बहुधा ८ मेगाबाइटपर्यंत स्टॅक मिळतो. कर्नलमध्ये मात्र ६४-बिट इंटेल जातीच्या यंत्रांवर २०१४ पासून १६ किलोबाइट, म्हणजे त्याचा ५१२ वा भाग. दर हाकेस २०० बाइट लागले, तर ८१ हाकांतच जागा संपते. सामान्य प्रोग्राम कोसळला तर तो एकटाच कोसळतो. कर्नलचा स्टॅक ओसंडला तर शेजारची स्मृती बिघडते व सारे यंत्रच धोक्यात येते.

ही भीती काल्पनिक नाही. २०१६ मध्ये गूगलच्या यान हॉर्न यांनी लिनक्समधील ईक्रिप्टएफएस या फाइलप्रणालीतील दोष दाखविला. एका प्रक्रियेची स्मृती वाचताना दुसरीची वाचावी लागे, तीसाठी तिसरीची. आणि ही साखळी किती लांबवायची हे वापरकर्त्याच्या हाती होते. स्टॅक ओसंडवून साध्या वापरकर्त्याला यंत्राचे सर्वाधिकार मिळविता येत.

यावर उपाय कोणते? पहिला व उत्तम उपाय म्हणजे रिकर्शनऐवजी लूप. उरलेल्या कामाची यादी स्टॅकवर न ठेवता स्वतंत्र मागितलेल्या स्मृतीत ठेवावी. किंवा वृक्षरचनेत प्रत्येक घटकाजवळ त्याच्या जनकाचा पत्ता ठेवावा, म्हणजे परतीची वाट तेथेच सापडते. सिम्बॉलिक लिंक उलगडण्याचे लिनक्समधील काम पूर्वी रिकर्शनने होई. २०१५ च्या ४.२ आवृत्तीत अल व्हिरो यांनी ते लूपने करून दाखविले.

दुसरा उपाय मर्यादेचा. एका वाटेत ४० हून अधिक लिंक आल्या की कर्नल चूक कळवून थांबतो. अन्यथा 'अ' कडून 'ब' कडे व 'ब' कडून पुन्हा 'अ' कडे हा फेरा संपलाच नसता. फाइलप्रणालीवर फाइलप्रणाली रचण्यासही दोन थरांची मर्यादा आहे.

तिसरा उपाय राखण-पानाचा. स्टॅकच्या टोकाशी स्मृतीचे एक पान मुद्दाम रिकामे, वापरास बंद ठेवतात. त्यास स्पर्श होताच प्रोसेसर इशारा देतो व शेजारची स्मृती वाचते. ६४-बिट इंटेल यंत्रांसाठी ही सोय डिसेंबर २०१६ च्या ४.९ आवृत्तीत आली. मात्र राखण-पान ओसंडणे टाळीत नाही, फक्त उघडकीस आणते.

म्हणून कर्नलसाठी रिकर्शन लिहिण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : याची खोली कोण ठरवितो? उत्तर 'बाहेरून येणारी माहिती' असे असेल, तर तेथे लूपच लिहावा.