स्टुटगार्टचं वार्तापत्र : काटकसरीला मीटर लावणारा देश

मुंबई आणि स्टुटगार्ट ही 1968 पासून भगिनी-शहरं आहेत. देवनारमध्ये हे फारसं कुणाला ठाऊक नसेल आणि इथेही कुणी ते रोज आठवत बसत नाही. पण हात राखून खर्च करण्याची सवय दोन्हीकडे सारखीच. स्टुटगार्ट हे श्वाबेन प्रदेशातलं मोठं शहर, आणि श्वाबेनची गृहिणी सगळ्या जर्मनीत काटकसरीसाठी नावाजलेली, थट्टेचाही विषय झालेली. 2008 मध्ये जगभरच्या बँका गडगडल्या, तेव्हा चान्सलर अँगेला मर्केल यांनी याच शहरात भरलेल्या पक्षाच्या अधिवेशनात तिचाच दाखला दिला होता. ऐपतीबाहेरचा खर्च फार दिवस चालत नाही, हे श्वाबेनच्या कुठल्याही गृहिणीने सांगितलं असतं, असा त्यांचा मुद्दा होता.

गोवंडी स्टेशनाबाहेर कोथिंबिरीच्या जुडीसाठी घासाघीस करणाऱ्या आपल्या बायकांना हे सांगायला चान्सलर लागत नाही. तरी इथे राहिलं की एक फरक जाणवतो. आपल्याकडे काटकसरीचं सगळं ओझं घरातल्या बाईवर. इथे त्यातलं बरंचसं नियमांनी उचललंय. जिथून पैसा गळतो तिथे मोजमाप बसवलेलं आहे आणि वाचवलेला पैसा ज्याचा त्याला परत मिळतो.

सुरुवात हिवाळ्यापासून करू, कारण इथल्या घरखर्चाला सगळ्यात मोठं भोक तिथेच पडतं. भाड्याच्या घरात खिडकीखाली लोखंडी रेडिएटर असतो आणि त्यावर बोटभर लांबीचं एक पांढरं यंत्र. तुमच्या खोलीने किती उष्णता खाल्ली याचा आकडा ते दाखवत राहतं. 1981 च्या नियमावलीनुसार इमारतीच्या बॉयलरचा खर्च सगळ्या बिऱ्हाडांत सरसकट वाटता येत नाही. किमान निम्मा आणि जास्तीत जास्त 70 टक्के हिस्सा प्रत्यक्ष वापरावरच लावावा लागतो. त्यामुळे लोक रेडिएटरचं बटण 3 वर ठेवतात, म्हणजे साधारण 20 अंश, आणि घरात स्वेटर घालून वावरतात. तापमान एका अंशाने उतरवलं की उष्णतेचा खर्च सुमारे 6 टक्क्यांनी कमी होतो, हे इथे शाळकरी मुलंही सांगतात.

खिडकीचंही शास्त्र आहे. ती दिवसभर किलकिली ठेवली तर ऊब बाहेर जाते आणि भिंती गार पडतात. म्हणून आधी रेडिएटर बंद करायचा, पाच-दहा मिनिटं खिडक्या सताड उघडायच्या आणि मग सगळं पूर्ववत. कुकरच्या शिट्ट्या, उकळतं वरण आणि घरातच वाळत घातलेले कपडे, एवढी वाफ कोंडणाऱ्या मराठी घराने हे पाळलं नाही, तर भिंतीच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरते आणि घरमालकाशी वाद होतो तो वेगळाच.

2021 मध्ये जर्मनीच्या आयात गॅसपैकी निम्म्याहून अधिक रशियाचा होता. युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर तो आटला आणि काटकसर सरकारच्याही गळ्यात पडली. 1 सप्टेंबर 2022 पासून सरकारी कचेऱ्या 19 अंशांपर्यंतच तापवायच्या, तिथे हात धुवायला गरम पाणी द्यायचं नाही आणि स्मारकांवरची रोषणाई रात्री बंद, असा आदेशच निघाला. साहेबाच्या केबिनमध्येही स्वेटर आला, म्हणून घरोघरी फार कुरकुर झाली नाही.

दुसरी गोष्ट बाटलीची. 2003 पासून पाणी-शीतपेयांच्या बहुतेक प्लास्टिकच्या बाटल्यांवर आणि डब्यांवर 25 सेंट अनामत लागते. युरो ढोबळमानाने शंभर रुपयांचा धरला, तर बाटलीमागे पंचवीस रुपये. पुन्हा भरून विकल्या जाणाऱ्या बिअरच्या काचेच्या बाटलीला 8 सेंट. सुपरमार्केटात शिरताना भिंतीत एक गोल तोंड दिसतं. त्यात बाटली आडवी सरकवायची. ती पट्ट्यावर गोल फिरते, यंत्र तिच्यावरची खूण वाचतं आणि आत चिरडल्याचा कडकड आवाज येतो. सगळ्या बाटल्या झाल्या की बटण दाबायचं, चिठ्ठी घ्यायची आणि गल्ल्यावर द्यायची. तेवढी रक्कम बिलातून वजा. त्यामुळे रिकामी बाटली कुणी फेकत नाही. बागेत कुणी ठेवून गेलाच, तर कचरापेटीच्या आत न टाकता बाहेर कडेला ठेवतो, म्हणजे बाटल्या गोळा करणाऱ्या गरजूंना आत हात घालावा लागत नाही. यांत पेन्शन न पुरणारे म्हातारेही असतात. श्रीमंत देशाचं हेही एक रूप.

देवनारकराला हे वाचून डम्पिंग ग्राउंड आठवणारच. 1927 पासून मुंबईचा कचरा आपल्या दाराशी येतोय आणि जानेवारी 2016 च्या आगीचा धूर अजून नाकात आहे. इथे 1 जून 2005 पासून प्रक्रिया न केलेला घरगुती कचरा जमिनीवर टाकायलाच बंदी आहे. स्टुटगार्टच्या म्युन्स्टर भागातल्या प्रकल्पात तो जाळून वीज आणि घरं तापवायची उष्णता तयार होते. घराचा हिशेबही याला जोडलेला आहे. उरलासुरला कचरा टाकायचा डबा जेवढा मोठा, तेवढं शुल्क जास्त. कागद, काच, वेष्टनं नीट वेगळी काढली की लहान डबा पुरतो.

इमारतीच्या साफसफाईत तर श्वाबेनचा हात कुणी धरणार नाही. बऱ्याच जुन्या इमारतींत जिना पुसायचा आणि दारासमोरचा फुटपाथ झाडायचा आठवडा पाळीपाळीने येतो. तशी पाटीच तुमच्या दाराला अडकवलेली सापडते. डॉक्टर असो की ड्रायव्हर, पाटी आली की झाडू हातात. मेंटेनन्सवरून दर सभेला भांडणाऱ्या आपल्या सोसायट्यांना हा उपाय रुचेल का, शंकाच आहे.

बाजारहाटाचं म्हणाल, तर स्वस्त दुकानांची ही मायभूमी. आल्डीचे संस्थापक कार्ल आणि थिओ अल्ब्रेख्त हे एसेन शहरातल्या एका किराणावालीचे मुलगे. मोजकाच माल, तोही खोक्यातच मांडलेला, आणि कमीत कमी नोकर. स्वस्ताईचं सगळं गुपित एवढंच. प्रत्येक मालाखाली किमतीसोबत किलोचा किंवा लिटरचा दर लिहावाच लागतो, त्यामुळे ‘मोठा पॅक स्वस्त’ हा भ्रम जागेवरच फिटतो. मसूर डाळ, छोले, भेंडी आणि कोथिंबिरीची भरघोस जुडी यांसाठी मराठी मंडळी तुर्की दुकान गाठतात. रविवारी जवळजवळ सगळी दुकानं बंद, म्हणून शनिवारी यादी करूनच निघावं लागतं. सहज चक्कर मारताना होणारी उधळपट्टी आपोआप टळते. रात्री बऱ्याच जर्मन घरांत शेगडी पेटतच नाही. पाव, चीज, काकडी, झालं जेवण.

प्रवासाचंही तसंच. 2022 च्या उन्हाळ्यात तीन महिने दरमहा 9 युरोंत देशभर फिरता आलं. मे 2023 पासून 49 युरोंचा मासिक पास आला, 2025 मध्ये तो 58 आणि जानेवारी 2026 पासून 63 युरो झाला. महागला तरी बस, ट्राम, मेट्रो आणि देशभरातल्या साध्या गाड्या त्यात येतात. फक्त वेगवान गाड्या वगळलेल्या. मुलांचे कपडे वसंतात आणि शरदात बालवाड्यांतून भरणाऱ्या जुन्या कपड्यांच्या बाजारात मिळतात. बोहारणीला कपडे देऊन पातेलं घेणाऱ्या आपल्याला यात नवल वाटू नये. इथे मात्र ते कपडे विकत घेणाऱ्यालाही संकोच नसतो.

यातलं देवनारला काय लागू पडेल? रेडिएटर नाही, पण विजेचं बिल आहे. 100, 300 आणि 500 युनिटांवर दराची पायरी चढते. महिन्याच्या मध्यावर मीटर पाहिला तर एसी किती चालवायचा ते ठरवता येतं. पाकिटावर एमआरपीशेजारी बारीक अक्षरांत दर ग्रॅमचा भाव छापलेला असतो, तो वाचा. सोसायटीत पाण्याचं बिल सरसकट वाटत असतील, तर घरागणिक मीटरचा विषय पुढच्या सभेत काढा; गळका नळ ज्याचा, खर्च त्याचा.

आणि एक मागणी. महाराष्ट्राच्या 2018 च्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेत दुधाची रिकामी पिशवी 50 पैशांना परत घेण्याची तरतूद होती. आपल्या घरांत आजही त्या पिशव्या धुऊन, वाळवून रद्दीवाल्यासाठी ठेवतात. म्हणजे आपलं काम आपण करतोच आहोत. ते 50 पैसे दूधवाल्याकडे का मिळत नाहीत, एवढं आपल्या नगरसेवकाला आणि आमदाराला लेखी विचारा.