पैठण : तीर्थक्षेत्र आणि हातमाग

गोदावरीच्या उत्तर तीरावर, छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे ५० किलोमीटर अंतरावर वसलेले पैठण म्हणजे सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान होय. येथील मौल्यवान खडे गाड्यांतून भडोच बंदराकडे जात असत, अशी नोंद इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक ग्रंथात आढळते. व्यापार हा या नगरीचा दोन हजार वर्षांचा वारसा आहे.

आज बाहेरगावचा माणूस पैठणला येतो तो प्रामुख्याने संत एकनाथांच्या समाधीच्या दर्शनासाठी आणि १९७६ मध्ये पूर्ण झालेले जायकवाडी धरण पाहण्यासाठी. फाल्गुन वद्य षष्ठीच्या यात्रेस तर वारकऱ्यांची दाटी होते. दर्शन घ्यावे, नाथसागर पाहावा आणि परतावे, असा बहुतेकांचा क्रम असतो. ज्या वस्त्राने गावाचे नाव दूरवर नेले, ते विणणारा माग मात्र पाहावयाचा राहून जातो.

हा माग पाहिल्याखेरीज पैठणीचे मोल कळत नाही. पदरावरील मोर, पोपट वा कमळ यांच्या प्रत्येक रंगासाठी रेशमाची निराळी कांडी असते. विणकर ताण्याचे धागे मोजून ती हाताने फिरवितो आणि शेजारच्या रंगाच्या धाग्यात गुंतवितो. त्यामुळे नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. भरगच्च पदराच्या साडीस कित्येक महिने लागतात. यंत्रमागावरील साडी याच नावाने थोडक्या वेळात आणि स्वस्तात तयार होते. तिच्या उलट बाजूस बहुधा सुटे वा कापलेले धागे दिसतात. पैठणीस २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तथापि ग्राहकाने साडी उलटून पाहिली, तरच त्या संरक्षणाचा लाभ विणकराच्या घरापर्यंत पोहोचेल.

शाळेची सहल पैठणला नेणाऱ्या शिक्षकांनी एक तास मागासाठी राखून ठेवावा. पाहुण्यांना गाव दाखविणाऱ्या अधिकाऱ्यांनी विणकरांच्या वस्तीची वाट दाखवावी. परिसरातील पंचायत सदस्यांनी यात्रेकरूंसाठीच्या माहितीफलकावर मंदिर व धरण यांबरोबर हातमागाचाही उल्लेख करावा. यासाठी मोठ्या खर्चाची गरज नाही. विणकराच्या मुलाने वडिलांच्या मागावर बसावे की रोजगारासाठी गाव सोडावे, हे अखेर त्या मागावर मिळणाऱ्या मोबदल्यावर ठरणार आहे.