धुरावर शिजवायची गाडी घेताना

मे २०११ मध्ये अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात जॉप्लिन शहराला टोर्नॅडोने झोडपलं. बार्बेक्यूच्या स्पर्धांमध्ये उतरणारी मंडळी आपापले स्मोकर, म्हणजे धुरावर मांस शिजवायच्या चुली, गाडीमागे जोडून तिथे पोचली आणि जवळपास १ लाख २० हजार जेवणं त्यांनी रांधून वाढली. त्यातूनच 'ऑपरेशन बीबीक्यू रिलीफ' ही संस्था उभी राहिली. असं काही वाचलं की आपणही चाकांवरचा स्मोकर घ्यावा, चार समारंभांचं केटरिंग करावं आणि अडीनडीला गरजूंना जेवू घालावं, असं फार मनापासून वाटतं. टेक्सासमध्ये ह्यूस्टनजवळ राहणाऱ्या आमच्या काही मराठी कुटुंबांनाही तसंच वाटलं. घेण्याआधी मी सात-आठ ट्रेलर हिंडून पाहिले. असा स्मोकर बहुधा प्रोपेन वायूच्या जुन्या टाकीतून बनवलेला असतो. विकणारा टाकी दाखवतो, घेणारा टाकीच बघतो. खरं तर आपण एकाच पैशात तीन गोष्टी घेत असतो: रस्त्यावर धावणारं वाहन, चूल आणि पंगतीचं स्वयंपाकघर. पहिली आणि तिसरी गोष्ट नजरेआड झाली की गैरसमज सुरू होतात.

'पाचशे गॅलनची टाकी म्हणजे पाचशे माणसांची सोय'

गॅलनचा आकडा टाकीचं एकूण आकारमान किती एवढंच सांगतो. मोजायची असते ती जाळी. पाचशे गॅलनच्या टाकीचा व्यास साधारण ३७ इंच आणि लांबी दहा फूट. आत एकच जाळी असेल तर कामाची जागा वीस चौरस फुटांच्या आसपास मिळते. टेक्सासची शान म्हणजे ब्रिस्केट, गाईच्या छातीचा मोठा तुकडा. भोवती हवा खेळायला जागा सोडली तर एका ब्रिस्केटला दीड चौरस फूट लागतो, म्हणजे एका वेळी तेरा. चौदा पौंडांच्या कच्च्या तुकड्यातून चरबी कापून आणि शिजताना आटून हातात उरतं जेमतेम निम्मं. माणशी एक तृतीयांश पौंड धरलं तर एका ब्रिस्केटमध्ये वीस माणसं जेवतात आणि सगळी टाकी भरून अडीचशेच्या थोडी वर. त्यालाही बारा तास किंवा जास्त लागतात. त्याच जाळीवर कोंबडीच्या मांड्या लावल्या तर एका खेपेला ऐंशी-शंभर बसतात, दीड-दोन तासांत होतात, आणि दिवसभरात तीन-चार खेपा निघतात. म्हणून आधी पदार्थ ठरवा, मग माणसं मोजा, टाकी सगळ्यात शेवटी.

वेळेच्या हिशोबात आणखी एक गोष्ट धरावी लागते. ब्रिस्केटच्या आतलं तापमान १५० ते १७० अंश फॅरनहाइटच्या दरम्यान कुठेतरी येऊन अडतं आणि तासन् तास हलत नाही. नवखा माणूस इथे घाबरतो, स्मोकरमध्ये दोष आहे असं समजून लाकडं कोंबतो. दोष काही नसतो. मांसाच्या पृष्ठभागावरून पाण्याची वाफ होत असते आणि ती वाफ उष्णता घेऊन जाते. माठातलं पाणी गार होतं ना, तेच हे. मांस कागदात गुंडाळलं की वाफ कोंडते आणि काटा पुन्हा चढू लागतो. पंगत दुपारी एकला असेल तर या थांब्यासकट वेळ धरून आदल्या संध्याकाळीच आग पेटवावी लागते. रात्री आगीपाशी कोण जागणार, हे ट्रेलर घेण्याआधीच ठरलेलं बरं.

'धूर जितका दाट तितकी चव'

हा गैरसमज मला सगळ्यात जास्त सलतो, कारण चुलीवर स्वयंपाक केलेल्या कुठल्याही आजीला विचारा, ती सांगेल: दाट पांढरा धूर म्हणजे लाकूड ओलं आहे किंवा चुलीला वारा मिळत नाही. तो धूर मांसावर कडवट थर चढवतो. चांगल्या आगीचा धूर इतका विरळ आणि निळसर असतो की तो चिमणीवर लांबून दिसतही नाही. मध्य टेक्सासमध्ये पोस्ट ओक, म्हणजे तिथला ओक, वापरतात. तोडून, फोडून, महिनोन् महिने वाळवलेला. मांस कापल्यावर कडेला दिसणाऱ्या गुलाबी रेघेलाही लोक चवीचा पुरावा मानतात. ती आगीतले वायू आणि मांसातलं रंगद्रव्य यांच्या संयोगातून उमटते. रेघ ठळक म्हणून चव जास्त, असं होत नाही.

चुलीची रचनाही या ओघात समजून घ्यावी. साध्या स्मोकरमध्ये आगीची पेटी एका टोकाला, चिमणी दुसऱ्या टोकाला. 'रिव्हर्स फ्लो'मध्ये जाळीखाली लोखंडी पत्रा असतो. धूर त्याच्याखालून पलीकडे जातो आणि मांसावरून परत येऊन पेटीच्याच बाजूच्या चिमणीतून बाहेर पडतो. दुसरा प्रकार नेहमीच सरस, असं छातीठोकपणे सांगितलं जातं. पत्र्यामुळे तापमान दोन्ही टोकांना बरंचसं सारखं राहतं हे खरं, पण तो जाड पत्रा तापायला वेळ आणि लाकूड दोन्ही जास्त लागतं. आग सांभाळणारा एकच सरावाचा हात असेल तर साधा घ्या. दर तीन तासांनी स्वयंसेवक बदलणार असतील तर मी रिव्हर्स फ्लोच घेईन.

'चाकं आहेत ना, मग झालं'

इथे मी जरा थांबणार आहे, कारण आमच्या गटावर बेतलं ते इथेच. पहिल्या वर्षी आम्ही ओळखीतून एक जुना ट्रेलर वापरायला घेतला होता. टाकी झकास, रंग नवा, टायरची नक्षी अगदी कोरी. हायवेवर चाळीस मैल गेल्यावर उजवं टायर फाटलं आणि रबराच्या पट्ट्यांनी मडगार्ड उचकटलं. कुणाला लागलं नाही. रस्त्याच्या कडेला उकिडवं बसून मी टायरवरची डीओटीची, म्हणजे अमेरिकन वाहतूक खात्याची, खूण वाचली. शेवटचे चार आकडे २३०९. म्हणजे २००९ सालातला तेविसावा आठवडा. टायर दहा वर्षांचं होतं. ट्रेलरचं टायर झिजून जात नाही, उन्हात उभं राहून आतून मरतं. पाच-सहा वर्षांनी नक्षी कितीही कोरी दिसो, बदलायचंच.

दुसरी गोष्ट वजनाच्या वाटणीची. बैलगाडीत मागे जास्त ओझं झालं की गाडी उलार होते, जू वर उचललं जातं. स्मोकरच्या ट्रेलरचंही तसंच होतं. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार पुढच्या हुकावर पडायला हवा. चार हजार पौंडांच्या ट्रेलरला चारशे ते सहाशे पौंड. जाड पोलादाची आगपेटी मागच्या टोकाला, वर लाकडांची मोळीही मागेच, असं असलं की हुकावरचा भार घटतो आणि वेग वाढताच ट्रेलर शेपटीसारखा झुलू लागतो. नुसती पाचशे गॅलनची रिकामी टाकीच हजार पौंडांच्या घरात जाते, त्यामुळे विकणारा अंदाजाने सांगेल त्या वजनावर विसंबू नका. ट्रकच्या थांब्यावरच्या काट्यावर लाकूड-पाण्यासकट वजन करा आणि आपल्या गाडीच्या ओढण्याच्या क्षमतेशी ताडून पाहा. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक किती वजनापासून सक्तीचे, हे राज्याराज्यात वेगळं आहे: टेक्सासमध्ये मर्यादा ४,५०० पौंडांची, कॅलिफोर्नियात ३,००० पौंडांची. कायदा काहीही म्हणो, जड स्मोकरला ब्रेक हवेतच.

टायर दिसायला कोरं आणि आतून मेलेलं असतं; गंजाचं मात्र उलट आहे. बाहेरचा तांबूस गंज पाहून लोक पाठ फिरवतात. तो घासून रंग दिला की मिटतं. बघायचा तो आगपेटीचा तळ. राख ओल धरते आणि पोलाद खाते. हातोडीने ठोकत जा. खणखणीत आवाज बदलून बोदा झाला की तिथे पत्रा पातळ झालाय. टाकीत आधी काय होतं हेही विचारा. रसायन किंवा अज्ञात तेल असेल तर सोडून द्या. आगपेटीत जस्ताचा मुलामा दिलेली जाळी असेल तर ती काढून टाका, कारण तापल्यावर जस्ताची विषारी वाफ सुटते. आणि जुनी प्रोपेनची टाकी रिकामी दिसते म्हणून घरी कापायला बसू नका. आत उरलेला वायू ठिणगीने भडकतो.

'पैसे घेत नाही, मग परवाना कशाला?'

भुकेल्या माणसाला वाढताना परवान्याचं बोलणं कानाला कोतं वाटतं, पण धर्मादाय पंगतीत बऱ्याचदा म्हातारी माणसं, लहान मुलं, आजारी माणसं असतात. विषबाधेचा सर्वांत मोठा फटका त्यांनाच बसतो. १९९६चा बिल इमर्सन कायदा सद्भावनेने अन्न दान करणाऱ्याला दाव्यांपासून संरक्षण देतो. आरोग्य खात्याचे नियम तो माफ करत नाही. सार्वजनिक कार्यक्रमात शिजवून वाढायचं असेल तर स्थानिक आरोग्य खात्याकडे आधी चौकशी करावी. बहुतेक ठिकाणी तात्पुरत्या कार्यक्रमाचा परवाना मिळतो.

तिथला निरीक्षक तुमच्या टाकीचं कौतुक करायला येत नाही. तो हात धुवायचं पाणी, साबण आणि थर्मामीटर बघतो. शिजलेलं मांस १३५ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे ५७ सेल्सियसच्या, खाली उतरू द्यायचं नाही. कोंबडी आतून १६५ अंशांना पोचलीच पाहिजे. म्हणून जाड भिंतीचे, उष्णता धरणारे बंद डबे स्मोकरइतकेच गरजेचे. आम्ही अखेर मोठा ट्रेलर सोडून लहान घेतला आणि उरलेल्या पैशांत ब्रेक, टायर आणि असे सहा डबे आले. वर्षातून तीन-चारदाच लागणार असेल तर भाड्याने घेणं जास्त शहाणपणाचं.

घ्यायच्या आधी विकणाऱ्याच्या अंगणात आग पेटवून बघा. आपलं वाळलेलं लाकूड सोबत न्या आणि दोन तास थांबा. दारावरचा काटा टाकीच्या वरच्या भागातलं तापमान सांगतो, त्यामुळे जाळीवर वेगळा थर्मामीटर ठेवा. मग जाळीवर कुठे किती आच लागते हे बघायला अमेरिकन बिस्किटांची कणीक, म्हणजे मऊ पावांचे तयार गोळे, जाळीभर मांडा. आम्ही मांडले तेव्हा मधले सगळे सोनेरी झाले आणि आगपेटीलगतचे तीन वीस मिनिटांत काळे पडले. त्या जागी आम्ही अजूनही पाण्याचं पातेलं ठेवतो.